तीसच्या आत

अवसरी बुद्रुक
१० डिसेंबर २०२५

आई,

आण्णा सुटून घरी आले आहेत. याची खात्री मीच देते, कारण ठाण्यातून त्यांना मीच घेऊन आले आणि हे लिहिताना ते अंगणात दोन मेंढ्यांपुढे घास टाकत बसले आहेत. राघूमामानं तुला 'मच्छिंद्राला दारूच्या केसमधी आत टाकलं' असं सांगितलं असणार. केस झाली हे खरं आहे. आत टाकलं हे खरं नाही. सोमवारी संध्याकाळी पकडलं आणि जातमुचलक्यावर सोडलं. हा गुन्हा जामीनपात्र आहे. अशा गुन्ह्यात जामीन मिळणं हा हक्क असतो, त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मामाला हे सांग, कारण तो कुणाकुणाला फोन लावत होता असं ऐकलं.

तुला फोनच केला असता. पण मामा तुझा फोन स्पीकरवर टाकतो आणि मधेच बोलतो. म्हणून पत्र.

आण्णा बेल्ह्याच्या बाजाराला मोटारसायकलवर गेले होते. तिथं त्यांनी दोन मेंढ्या घेतल्या. का घेतल्या ते मी विचारलं नाही, पण गोठ्याची डागडुजी दिवाळीपासूनच चालली होती आणि 'तुझ्या आईला दारात जनावर लागतं' असं ते एकदा बोलले होते. मेंढ्या दादाभाऊच्या टेम्पोत चढवल्या. (तोच टेम्पो, ज्यातून तुझं सामान लोणीला मामाकडं गेलं.) टेम्पो मागं राहिला, आण्णा पुढं निघाले. दिवस मावळताना हायवेला नाकाबंदी लागली.

पुढचं बोलणं मला आण्णांनी सांगितलं आणि हवालदारांनीही सांगितलं. हवालदारांचं नाव रामनाथ. दोघांचं जुळतं, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"घेतली का?" हवालदारांनी विचारलं.

"घेतली की. दोन घेतल्या."

"दोन? कुठं घेतल्या?"

"बेल्ह्यात."

"आन तसाच गाडी हाणत आलास व्हय? दोन लई झाल्या, राव."

"दोनानं काय व्हतंय साहेब. आमच्या वडलांच्या टायमाला शंभर-शंभर असायच्या."

शेजारचा शिपाई हसायला लागला. हवालदार म्हणाले, "शंभर! ह्यो पार गेलाय. चावी काढ गाडीची."

मेंढ्या हा शब्द आण्णांच्या तोंडून आलाच नाही. धनगराच्या घरात 'घेतली' म्हटल्यावर काय घेतली ते वेगळं सांगावं लागत नाही. पोलिसाच्या घरातही लागत नसावं. कागदावर आलं ते असं: 'दोन घेतल्याचे कबूल केले.'

त्यानंतर फुंकायच्या मशीनवरून थोडा वाद झाला. मग त्यांना ठाण्यात नेलं आणि तिथून सरकारी दवाखान्यात रक्त घ्यायला. अटक केली की घरच्या एका माणसाला कळवावं लागतं. कुणाला कळवायचं, असं विचारल्यावर आण्णांनी माझं नाव सांगितलं. तुझा नंबर त्यांना पाठ आहे, माझा नाही. माझा त्यांना खिशातली चिठ्ठी काढून वाचावा लागला. तरी त्यांनी माझाच सांगितला.

लायसन्स जमा करून घेतलं आहे, त्याची पावती माझ्याकडे आहे. डेअरीवाल्यांनी निकाल लागेपर्यंत दुधाच्या गाडीवर येऊ नका असं सांगितलं. त्यामुळे आण्णा सध्या दिवसभर घरी आहेत आणि अंगणाची लांबी मोजत असतात.

तू जाताना म्हणाली होतीस, पुढच्या शिवरात्रीपर्यंत वर्षभर एक थेंबही पोटात गेला नाही तर मी परत येईन. हे मला माहीत आहे, त्यांना तर आहेच. म्हणून एवढंच सांगते की या केसवरून काही ठरवू नकोस. रक्ताचा अहवाल यायचा आहे.

तुझी,
प्रांजल


अवसरी बुद्रुक
२० डिसेंबर २०२५

आई,

बाटली आण्णांचीच होती. दादाभाऊनं त्यांना ती विकत घेताना पाहिलं, आणि त्यानंच ते लोणीत जाऊन सांगितलं, हेही मला आता कळलं. तुझ्या कार्डावर 'बाटली कुणाची?' एवढे दोनच शब्द होते, म्हणून आधी तेवढ्याचं उत्तर दिलं.

बाकीचं असं. घेतलेल्या दोनपैकी एक मेंढी नुकतीच कातरलेली होती. बेल्ह्यात त्या दिवशी गार वारं होतं आणि ती उभ्या उभ्या थरथरत होती. विकणारा म्हणाला, छातीला नि पायांना देशी चोळा, ऊब धरंल. तुझे वडील कातरणीनंतर हेच करायचे असं तूच मला सांगितलं होतंस, त्यामुळे यात खोटं काही नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आण्णा दुकानात जाऊन क्वार्टर घेऊन आले. टेम्पोत बसून मेंढीला चोळली. त्यामुळे त्यांच्या हातांना, स्वेटरला, गुडघ्यापर्यंत धोतराला वास होता. बाटली खिशात राहिली. पोलिसांना ती रिकामी सापडली.

पहिल्या पत्रात मी बाटलीचं लिहिलं नाही. तुला वाचून काय वाटेल ते माहीत होतं. मी लिहिण्याआधी दादाभाऊ पोचेल हे माहीत नव्हतं.

मशीनवरून झालेला वादही मी एका ओळीत उरकला होता. तोही सांगून टाकते.

ऑक्टोबरात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये कायद्याची माहिती देणारं शिबिर झालं. घोडेगावच्या विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून माईक माझ्या हातात होता. मी सांगितलं की गाडी अडवणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे आणि त्याचं नाव विचारता येतं. कागदपत्रं मोबाइलवर दाखवली तरी चालतात. दारूच्या तपासणीसाठी फुंकायला लावलं तर नवी नळी तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, मशीनवर किती आकडा आला तो बघा. न वाचता कशावरही सही करू नका. लोक जांभया देत होते. आण्णा शेवटच्या रांगेत बसले होते. घरी येताना म्हणाले, "लई भारी बोललीस. नळीचं ध्यानात ऱ्हाईल."

ते राहिलं.

"फुंक."

"नवी नळी काढा."

"संपल्या नळ्या."

"मंग न्हाई फुंकनार. हक्क हाय माझा."

"हक्क? कुनी सांगितला?"

"माझ्या पोरीनं. माईकवर."

नवी नळी मागणं बरोबर होतं. पण ती नसेल तर पुढं काय म्हणायचं हे मी सांगितलं नव्हतं. तिथं 'नाही' म्हणून थांबायचं नसतं. 'मी नकार देत नाही, मला दवाखान्यात न्या, रक्त घ्या' असं म्हणायचं असतं. नुसतं 'नाही' म्हटलं की 'तपासणीस नकार' असं लिहिलं जातं, पोलीस वॉरंट नसताना अटक करू शकतात आणि तो नकार पुढं कोर्टात आपल्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. आण्णांच्या कागदावर आता दोन वाक्यं आहेत. दोन घेतल्याचे कबूल, आणि तपासणीस नकार. मेंढ्या आणि नळी, दोन्ही त्यात नाहीत.

ठाण्यात मी पोचले तेव्हा रामनाथ हवालदारांनी खुर्ची दिली, चहा विचारला. मग म्हणाले, "मॅडम, पुढच्या शिबिरात निम्मंच सांगू नका. आमाला बी तरास, मानसाला बी."

मी त्यांना हो म्हटलं. ते बरोबर बोलले होते.

एक गोष्ट आण्णांनी स्वतःहून नीट केली. जबाब त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, चष्मा घरी आहे, पोरगी येऊन वाचंल, मग सही. त्यासाठी हवालदारांना थांबावं लागलं. मी वाचला आणि 'दोन घेतल्या' याच्यापुढे 'मेंढ्या' लिहा म्हटलं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग आण्णांकडे, मग म्हणाले, "मेंढ्या व्हय! अरे मंग बोलायचं ना, पावणं." पण लिहिलेलं बदललं नाही. आण्णांनी सही केली नाही.

मेंढ्या बऱ्या आहेत. कातरलेली आता थरथरत नाही. दुसरी गाभण आहे असं आण्णा म्हणतात.

तुझी,
प्रांजल


अवसरी बुद्रुक
२७ जानेवारी २०२६

आई,

रक्ताचा अहवाल आला. आण्णांचं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या आत आहे. हे समृद्धी मॅडमनी काल मला फोनवर सांगितलं आणि आज कागद दाखवला. समृद्धी मॅडम म्हणजे समितीनं आण्णांना दिलेल्या वकील. ज्याला वकील लावणं झेपत नाही त्याला तो विनामूल्य मिळतो, आणि हे मी शिबिरात पूर्ण सांगितलं होतं.

कायद्यात आकडा आहे: शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर असेल तरच गुन्हा. आण्णांचं तीसच्या आत आहे. 'दोन घेतल्याचे कबूल' या वाक्याची मॅडमना काळजी नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. नकाराचं वाक्य राहतं, पण त्यानंतर रक्त दिलेलं आहे, त्यामुळे तेही टिकणार नाही असं त्यांचं मत आहे.

मी घरी येऊन आण्णांना सांगितलं, "तीसच्या आत आलं."

ते म्हणाले, "बरं झालं." आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला उठले. मेंढ्या नुकत्याच पाणी प्यायल्या होत्या.

तारीख बारा फेब्रुवारी आहे, घोडेगाव कोर्टात. पंधराला शिवरात्र. तुझी पेटी आणायला कुणाचा टेम्पो सांगायचा ते कळव. दादाभाऊचा नको असेल तर तसं लिही.

तुझी,
प्रांजल


अवसरी बुद्रुक
७ फेब्रुवारी २०२६

आई,

शून्य नाही. नऊ आहे. अहवालावर तसं छापलेलं आहे आणि आण्णांनी ते मान्य केलं आहे.

मी 'मर्यादेच्या आत' असं लिहिलं होतं. ते खरं होतं आणि तुला ज्याचं उत्तर हवं होतं ते त्यात नव्हतं, हे मला लिहितानाच माहीत होतं. तुझं कार्ड मंगळवारी आलं. पोस्टमनला आण्णाच भेटले, त्यामुळे 'शून्य का?' हे त्यांनी माझ्याआधी वाचलं. मी घरी आले तेव्हा कार्ड पाण्याच्या हंड्याला टेकवून उभं केलेलं होतं आणि ते समोर बसले होते.

"आता काय लिवनारेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"झाकनभर."

मी समृद्धी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, रक्त घेईपर्यंत बराच वेळ गेला होता, झाकणभरानं तेवढ्यात नऊ राहत नाही.

"मंग दोन घोट धर," आण्णा म्हणाले.

"यात धरायचं काय, आण्णा? किती ते सांगा."

ते म्हणाले, "तळाची सगळी. चोळून झाली, बाटलीत ऱ्हायली. वतून द्यावी म्हनून टेम्पोतनं खाली उतरलो बी व्हतो. दादाभाऊ पानी आनायला गेल्ता. मेंढी सोडून बगायला कोन न्हवतं."

"चव आवडली?"

"न्हाई, ईख वाटलं. तरी संपवली. आता तू इचारशील का, तर त्ये मला बी म्हाईत न्हाई."

मी ते विचारणार नव्हते. मी दुसरं विचारलं. नळी हक्काची म्हणून मागितली की घाबरून?

"दोनी," ते म्हणाले. "पर हक्काची व्हती का न्हाई?"

"होती."

"मंग झालं तर."

गुरुवारी आम्ही घोडेगावला समृद्धी मॅडमकडे गेलो. कोर्टाच्या आवारात त्यांचं टेबल आहे, शेजारी टायपिंगवाला बसतो. त्यांनी तारखेला काय होईल ते समजावलं. साहेब विचारतील गुन्हा कबूल आहे का, तुम्ही नाही म्हणायचं, मग त्या अहवाल पुढं करून केस काढून टाकायला अर्ज देतील.

आण्णा म्हणाले, "आन मी हो म्हनलो तर?"

टायपिंगवाल्याचा हात थांबला. मॅडम म्हणाल्या, "हो कसं म्हणाल काका? गुन्हा झालेलाच नाही."

"प्यालो तर व्हतो."

"कोर्ट तुम्हाला प्यालात का असं विचारत नाही. तीसच्या वर होतं का, एवढंच विचारतं. नव्हतं. जे केलं नाही ते कबूल करायचं नसतं."

"मंग प्यालात का, हे इचारनारं कोन?"

"ते तुमचं तुम्हाला माहीत," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडं त्याचं वकीलपत्र नाही."

टायपिंगवाला म्हणाला, "काका, सुटताय तर सुटा की. लोक तडफडत्यात सुटायला."

परत येताना एसटीत आण्णा खिडकीशी बसले होते. मंचर आलं. मग म्हणाले, "तिला लिव, शिवरातीला येऊ नको म्हनावं. माझं वर्स भरलं न्हाई."

मी म्हटलं, आई अहवाल मान्य करेल कदाचित, कायद्यानं तर तुम्ही मर्यादेच्या आतच आहात.

"तिचा कायदा निराळा हाय. त्यात तीस न्हाई." आणि मग, "त्या सोमवारच्या दुसऱ्या दिसापासनं मी परत मोजाया लागलोय. तिनं येती म्हनलं तरी मला मोजायचंच हाय."

मी विचारलं, हे मी लिहू का तुम्ही सांगाल.

"लिव. पर म्या सांगितलं म्हनून लिव. तुला सापडलं म्हनून नको."

तर हे त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं आहे. नऊचा आकडा मला आधी सापडला होता, बाकी सगळं त्यांनी सांगितलं. ते खरं आहे का, असं तू विचारशील. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडाला वास आलेला नाही, एवढं मी सांगू शकते. त्याआधीचे महिनेही आला नव्हता. त्या एका संध्याकाळी मी ठाण्यात गेले तेव्हा त्यांच्या कपड्यांना इतका वास होता की तोंडाचा वेगळा कळला नसता. मी वाकून पाहिलंही नाही.

आज सकाळी राघूमामाचा फोन आला. या वेळी स्पीकर नव्हता, तो हळू बोलत होता.

"ती घोडेगावच्या गाडीचं टायमिंग इचारत व्हती," तो म्हणाला. "अवसरीचं न्हाई, घोडेगावचं. का, ते सांगंना. तुला काय लिवलंय का?"

"नाही, मामा."

"मच्छिंद्राला सांगू नको मग. उगा दाढी-बिढी करून बसंल."

मी सांगितलेलं नाही. हे पत्र बुधवारपर्यंत तुला मिळेल असा अंदाज आहे. मिळाल्यावर तू गाडीत बसशील की नाही, हे मामालाही माहीत नाही आणि मलाही.

तारखेचं एवढं ठरलेलं आहे. गुरुवारी सकाळी कोर्ट बसेल, जेवणाच्या सुट्टीआधी आण्णांचा पुकारा होईल असा मॅडमचा अंदाज आहे. सरकारी बाजू फार ओढून धरणार नाही, असं त्यांना वाटतं. त्याच दिवशी सुटतील, नाहीतर पुढची एखादी तारीख पडेल. साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. आण्णा नाही म्हणतील, मॅडमनी त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं आहे. मग ते बाहेर येतील. बाहेर तू उभी असलीस, तर ते आपणहून बोलायला सुरुवात करणार नाहीत, प्यालात का, हे तुलाच विचारावं लागेल. विचारलंस तर हो म्हणतील.

तुझी,
प्रांजल